दुसऱ्या खेळाडूचा हक्क

महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग आणि कॉमिक्स या उद्योगांसाठी ३,२६८ कोटी रुपयांच्या धोरणास मंजुरी दिली, आणि तेव्हापासून या क्षेत्राविषयी जे काही लिहिले-बोलले जाते त्यात गुंतवणूक, रोजगार आणि निर्यात हे शब्द अग्रभागी असतात. त्या शब्दांविषयी माझी तक्रार नाही. ज्या जिल्ह्यातील तरुण पदवी हाती पडताच पुण्याची वाट धरतात, त्या जिल्ह्यात राहणाऱ्याने रोजगाराच्या गोष्टीला नाक मुरडणे शोभणारे नाही. परंतु व्हिडिओ गेम ही वस्तू कोणासाठी घडवायची, ती खेळावयास बसणारी माणसे एक की अनेक, त्यांच्या हाती कोणते साधन असणार, आणि त्या साधनातून प्रत्येकाची इच्छा पडद्यापर्यंत सारख्याच न्यायाने पोहोचणार की नाही, हा प्रश्न अर्थव्यवहाराच्या आधीचा आहे. आणि तो अहिल्यानगर जिल्ह्यातून विचारला, तर त्याचे उत्तर महानगरांतल्या कचेऱ्यांतून येणाऱ्या उत्तराहून निराळे येईल, अशी माझी धारणा आहे.

१७,००० चौरस किलोमीटरांहून अधिक विस्ताराच्या या १४ तालुक्यांच्या जिल्ह्यात, अकोल्याच्या डोंगरपट्ट्यापासून कर्जत-जामखेडच्या कोरडवाहू माळापर्यंत, सामान्य कुटुंबाची स्थिती बहुधा अशी असते की घरात दूरचित्रवाणी संच एक, बऱ्यापैकी मोबाइल एक, मुले मात्र दोन-तीन, आणि सुटी लागली की आते-मामेभावंडांची त्यात भर. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या तळावर ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात तेथे तर दिवस मावळल्यावर बापाच्या एका मोबाइलभोवती पोरांचे कोंडाळे जमलेले दिसते. यंत्र एक आणि हात अनेक, ही आपली वस्तुस्थिती आहे. लोणी, संगमनेर, कोपरगाव आणि नगरजवळचा विळद घाट येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून संगणकशास्त्र शिकणारी मुले गोडो किंवा युनिटीसारखी विनामूल्य मिळणारी साधने वापरून स्वतःचे खेळ करू पाहतात, ही मोठी आनंदाची गोष्ट होय. पण त्यांच्या डोळ्यांपुढचा आदर्श बहुतकरून एकट्याने, आपापल्या यंत्रापुढे बसून खेळावयाच्या खेळांचा असतो, आणि दुसऱ्या खेळाडूचा विचार झालाच तर तो रचनेच्या शेवटी, सवड उरल्यास करावयाची पुरवणी म्हणून होतो. मला या लेखात जे सांगावयाचे आहे ते एवढेच की एका खोलीत, एका पडद्यापुढे मिळून खेळावयाच्या खेळात दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या खेळाडूचा हक्क हा रचनेचा आरंभबिंदू असला पाहिजे. भंडारदऱ्याच्या कालव्याचे आवर्तन सुटते तेव्हा पाटबंधाऱ्याच्या कारभाराची परीक्षा धरणाजवळच्या शेतात होत नाही, टेलच्या शेतकऱ्याच्या बांधावर होते. खेळाच्या रचनाकाराचीही परीक्षा ज्याच्या हाती सर्वांत शेवटी कंट्रोलर येतो त्याच्यापाशी व्हावी.

हा विचार नवा नाही. व्हिडिओ गेमच्या जन्मकाळीच तो होता. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञाने पाहुण्यांच्या मनोरंजनासाठी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिसचा जो खेळ मांडला, तो मुळातच दोघांचा होता, आणि दोघांच्याही हाती एक फिरवावयाची कळ व एक बटण असे सारखेच साधन दिलेले होते. त्यानंतर १९६२ साली एमआयटीमध्ये स्टीव्ह रसेल आणि त्याच्या सोबत्यांनी पीडीपी-१ या संगणकावर 'स्पेसवॉर' हा दोन अवकाशयानांच्या झुंजीचा खेळ सिद्ध केला, त्याची हकीकत तर प्रत्येक होतकरू रचनाकाराने लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. आरंभी खेळाडू संगणकाच्या दर्शनी फळीवरील चाचणीच्या खटक्यांनीच यान हाकीत. त्याने कोपरे भरून येत, आणि पडदा त्या खटक्यांच्या एका बाजूस असल्यामुळे एका खेळाडूला तो समोर दिसे व दुसऱ्याला तिरपा, म्हणजे खेळ सुरू होण्यापूर्वीच एकाचे पारडे जड झालेले असे. ही अडचण प्रोग्राममध्ये कितीही फेरफार करून दूर होणारी नव्हती. तेव्हा ॲलन कोटोक आणि बॉब सॉन्डर्स या दोघांनी हाताशी असलेले सुटे भाग जमवून दोन स्वतंत्र खोकी बनविली, लांब तारेने ती यंत्राला जोडली, आणि टॉर्पेडो सोडण्याचे बटण मुद्दाम निःशब्द ठेवले, जेणेकरून शेजारी बसलेल्या प्रतिस्पर्ध्याला त्या बटणाच्या आवाजावरून आपला बेत कळू नये. त्या एका निःशब्द बटणात या संपूर्ण कलेचे मर्म आहे: खेळाडू एकमेकांच्या श्वासाइतके जवळ बसलेले आहेत, हे ध्यानात घेऊन ते बटण घडविलेले आहे.

पुढे हे भान सर्वांनीच राखले असे नाही. १९८३ साली जपानात आलेल्या फॅमिकॉम या यंत्राला दोन कंट्रोलर कायमचे जोडलेले होते, परंतु खेळ सुरू करण्याचे आणि पर्याय निवडण्याचे बटण पहिल्यावरच होते. दुसऱ्यावर त्यांच्या जागी एक छोटा मायक्रोफोन होता. त्याच यंत्राच्या नकला नव्वदच्या दशकात 'टीव्ही गेम' या नावाने आपल्या तालुक्यांच्या बाजारांत येऊन पोहोचल्या, आणि त्यांपैकी पुष्कळांनी हा भेदही इमानाने उचलला. त्या काळी मुले कंट्रोलरला 'रिमोट' म्हणत आणि खेळाच्या डबीला 'कॅसेट'. पहिला रिमोट ज्याच्या घरचा टीव्ही गेम त्याच्याकडे, आणि दुसरा, सहसा झिजलेल्या बटणांचा, शेजारच्याकडे, असा अलिखित दंडक असे. 'कॉन्ट्रा' हा त्या पिढीचा अत्यंत आवडता खेळ दोघांनी मिळून खेळावयाचा खरा, पण त्यातील धबधब्याच्या टप्प्यात पहिला गडी घाईने वर चढला की पडदा त्याच्याबरोबर वर सरके आणि खाली राहिलेला दुसरा गडी, शत्रूची गोळी न लागता, केवळ पडद्याच्या कडेखाली गेल्यामुळे प्राणास मुके. किती भावंडांची भांडणे त्या धबधब्यापाशी झाली असतील! रचनाकाराने दोघांना एक पडदा दिला, परंतु त्या पडद्याची मालकी कोणाची, याचा निवाडा केलाच नाही. आणि जेथे निवाडा होत नाही तेथे बलवानाचा अंमल चालतो. २००९ च्या 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी' या खेळात मागे राहिलेला खेळाडू बुडबुड्यात बसून तरंगत सोबत्यांपाशी परत येतो आणि त्यांनी स्पर्श करताच मोकळा होतो, ही तोडगा काढण्याची रीत मला फार मनुष्यस्वभाव जाणणारी वाटते, कारण तीत मागे पडलेल्याची शिक्षा नाही आणि पुढे गेलेल्याला त्याच्याकडे वळून पाहावे लागते.

आपल्याकडे या विचाराची पूर्वपीठिका नाही, असे कोणी समजू नये. ज्या नेवाशात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली ते आपल्याच जिल्ह्यातले, आणि सापशिडीचे पूर्वरूप असलेल्या मोक्षपटाचे कर्तृत्व परंपरा ज्ञानदेवांकडेच देते. इतिहासाच्या कसोटीवर ते श्रेय कसे ठरावे हे अभ्यासकांनी पाहावे. मला त्यात दिसते ते हे की कवड्या टाकून खेळावयाच्या त्या पटाभोवती आजी, नातू, विद्वान आणि अडाणी सारख्याच अधिकाराने बसू शकतात, पटाच्या चारही बाजूंस बसलेल्यांना तो सारखाच वाचता येतो, आणि पाळी आलेल्या माणसाचा हात कोणी धरू शकत नाही. याच जातीचा एक खेळ आपल्या काळात नवी मुंबईतून निघाला. विकास जयस्वाल यांच्या गेमेशन या संस्थेने फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला 'लुडो किंग' टाळेबंदीच्या काळात घरोघर पोहोचला, तेव्हा त्याच्या दूरस्थ खेळाची चर्चा झाली. पण एकच मोबाइल हातोहात फिरवीत, इंटरनेटावाचून, दोघांपासून सहा जणांपर्यंत कोणालाही खेळता यावे अशी तजवीज त्यात आहे, आणि आमच्या खेड्यांच्या दृष्टीने मी त्याच तजविजीला अधिक मोल देतो. पाळीपाळीने खेळावयाच्या खेळात साधन सामायिक असून चालते. सर्वांनी एकाच क्षणी खेळावयाचे ठरले की खरी कसोटी सुरू होते.

कारण मग पहिली गाठ पडते ती कीबोर्डाशी. शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत कंट्रोलर नसतात, कीबोर्ड असतात, आणि एका कीबोर्डावर दोघांना बसविणे हा गरिबाचा स्वाभाविक उपाय आहे. परंतु स्वस्त कीबोर्डाच्या आत कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळ्यावर बसविलेल्या असतात. त्या जाळ्यातील एखाद्या चौकोनाचे तीन कोपरे एकाच वेळी दाबले गेले की यंत्राला चौथाही दाबल्याचा भास होतो, आणि तो भास टाळण्यासाठी कित्येक कीबोर्ड तिसरी कळ मुकाट्याने नाकारतात. परिणामी पहिला गडी तिरका धावत असला म्हणजे दुसऱ्याची उडी कधी लागते, कधी लागत नाही, आणि तो बिचारा आपलाच हात मंद आहे असे समजून खट्टू होतो. प्रत्येक कीबोर्डाची जाळी वेगळी, म्हणून कागदावर योजना करून भागत नाही. कळांचे गट निरनिराळ्या स्वस्त कीबोर्डांवर प्रत्यक्ष दाबून पाहावे लागतात, आणि खेळाडूला आपल्या कळा बदलून घेण्याची मुभा द्यावी लागते. शिफ्ट, कंट्रोल यांसारख्या कळा बहुधा स्वतंत्र तारांवर असल्याने त्या उडीसाठी किंवा प्रहारासाठी सोयीच्या वाटतात. मात्र शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की विंडोज स्वतःची एक सूचनापट्टी खेळाच्या मध्येच आणून उभी करते, हे ज्याने आधी जाणून घेतले नाही त्याचा खेळ ऐन रंगात आला असता मोडतो.

कंट्रोलर आले तरी प्रश्न सुटतात असे नाही, ते बदलतात. विंडोजची एक्सइनपुट ही रीत चार कंट्रोलरांपर्यंत ओळखते आणि कोणते बटण कोठे आहे हे तिला ठाऊक असते. परंतु आपल्या बाजारपेठेत मिळणारे कमी किमतीचे कित्येक कंट्रोलर जुन्या रीतीचे असतात, ते बटणांची नावे सांगत नाहीत, नुसते क्रमांक सांगतात, आणि एकाचा पहिला क्रमांक दुसऱ्याचा तिसरा असू शकतो. हे क्रमांक जुळवून देणारी कोष्टके एसडीएल या मुक्त प्रणालीभोवती जमलेल्या लोकांनी वर्षानुवर्षे सांभाळली आहेत, आणि गोडोसारखे साधन तीच वापरते. तरीही कोष्टकात नसलेला कंट्रोलर एखाद्या मुलाने हौसेने आणला, तर त्याला खेळातच आपली बटणे ओळखवून देता आली पाहिजेत. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर 'ए' हे अक्षर खालच्या बटणावर असते आणि निन्टेन्डोच्या कंट्रोलरवर उजव्या. म्हणून 'ए दाबा' अशी आज्ञा करण्यापेक्षा चार बटणांचे चित्र काढून त्यातील हवे ते उजळून दाखवावे, आणि सोबतची सूचना मराठीत असावी. वापरून सैल झालेली जॉयस्टिक सोडून दिली तरी नेमकी मध्यावर येत नाही, त्यामुळे गडी आपोआप एका बाजूला सरकत राहतो. याकरिता मध्याभोवतीचे एक लहान वर्तुळ हिशेबातून वगळण्याचा प्रघात आहे, परंतु ते वर्तुळ सर्वांसाठी एकच न ठेवता प्रत्येक कंट्रोलरापुरते स्वतंत्र ठेवावे, नाहीतर जुन्या कंट्रोलरवाल्याच्या सोयीसाठी नव्याची चपळाई जाते किंवा नव्याच्या चपळाईपायी जुन्याचा गडी भरकटतो.

याहूनही अधिक काळजीने ठरविण्याची गोष्ट म्हणजे खेळात येणे, थांबणे आणि जाणे. ज्याने आपल्या हातातील बटण दाबले तो सामील झाला, असा साधा नियम असावा. त्याला रंग मिळावा, आणि बटण दाबताच त्याच्या गड्याने पडद्यावर उडी मारावी, म्हणजे चौघांच्या गर्दीत आपण कोण हे शोधण्यात त्याचा वेळ जाऊ नये. रंग ओळखण्यात ज्यांना अडचण आहे त्यांच्यासाठी रंगाबरोबर आकृतीही निराळी ठेवावी. कंट्रोलरची बॅटरी संपली, तार निघाली, तर खेळ तत्काळ थांबावा आणि त्या खेळाडूची जागा त्याच्याच नावे राखून ठेवावी. वीज येऊन-जाऊन असते अशा वस्त्यांत हा नियम चैनीचा नाही. खेळ थांबविण्याचा अधिकार सर्वांना असावा. पुन्हा सुरू करण्याचा अधिकार ज्याने थांबविला त्याला असावा, कारण कोणी आईने हाक मारली म्हणून उठला आणि दुसऱ्याने त्याच्यामागे खेळ चालू करून त्याचा गडी मारला, तर त्या घरात तो खेळ फार दिवस टिकणार नाही. ज्याला दोन्ही हातांनी कंट्रोलर धरणे शक्य नाही अशा खेळाडूसाठी मायक्रोसॉफ्टने २०१८ साली मोठ्या कळांचा, बाहेरचे खटके जोडता येणारा स्वतंत्र कंट्रोलर आणला. तो आपल्या गावात पोहोचेल तेव्हा पोहोचो, पण आपल्या खेळात सर्व क्रिया एका हाताच्या आवाक्यात आणता येतील अशी सोय ठेवण्यास कोणाची हरकत आहे?

येथे मला एक प्रत्यक्ष कल्पना मांडावीशी वाटते. आट्यापाट्यांचा खेळ आपल्या मैदानांवरून दिसेनासा होत चालला आहे. त्याची रचना मात्र एका पडद्यावरील सामुदायिक खेळाला जणू आधीच बेतलेली आहे. पाटी धरणाऱ्याला आपल्या पाटीबाहेर पाऊल टाकता येत नाही, म्हणजे त्याला डावीकडे आणि उजवीकडे अशा दोनच दिशा, आणि म्हणून दोनच कळा पुरतात. पाट्या ओलांडणाऱ्याला चारही दिशा हव्यात, हुलकावणी हवी, वेग हवा. एका साध्या कीबोर्डावर तीन-चार जणांना पाट्या वाटून देता येतील, आणि एकुलता एक कंट्रोलर धावणाऱ्याच्या हाती देता येईल. ज्या आजोबांनी लहानपणी मैदानात पाटी धरलेली आहे त्यांना दोन कळांवर ती पुन्हा धरता येईल, आणि नातवाला चकवा देण्यास सर्व मोकळीक राहील. सर्वांना सारखीच बटणे देणे म्हणजे समानता, ही समजूत मला अपुरी वाटते. प्रत्येकाच्या हाताला पेलेल असे काम त्याला मिळावे आणि त्या कामावर खेळाचा निकाल खरोखर अवलंबून असावा. २०१६ च्या 'ओव्हरकुक्ड' या स्वयंपाकघराच्या खेळात एकाच कंट्रोलरचा डावा भाग एकाने आणि उजवा दुसऱ्याने धरून खेळता येते, आणि २०१७ चे निन्टेन्डो स्विच हे यंत्र तर एका खोक्यात दोघांपुरते कंट्रोलर घेऊनच विक्रीस आले. दुसऱ्या माणसाची गणती अगोदर करण्याची ही दृष्टी परदेशात दोन लहान-मोठ्या संस्थांना सुचू शकते, तर ती संगमनेरात सुचण्यास अडचण नसावी.

व्यवहारी माणसे यावर आक्षेप घेतील की एका खोलीतल्या खेळाला बाजार लहान, आज जग दूरस्थ खेळाचे आहे, आणि पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी' हा खेळ काढून पदार्पणाच्या कृतींसाठी असलेल्या जागतिक पारितोषिकाच्या नामांकनापर्यंत मजल मारली ती एकट्याने खेळावयाच्या खेळाच्या बळावर. 'राजी'विषयी मला आदर आहे, आणि प्रत्येक खेळ सामुदायिकच असावा असा माझा आग्रहही नाही. परंतु हेझलाइट या स्वीडिश संस्थेचा 'इट टेक्स टू' हा खेळ, जो एकट्याने खेळताच येत नाही, २०२१ च्या गेम अवॉर्ड्समध्ये वर्षाचा सर्वोत्तम खेळ ठरला, आणि स्टीमने २०१९ पासून अशी सोय केली आहे की एका खोलीसाठी केलेला खेळ दूरच्या मित्रालाही इंटरनेटावरून खेळता यावा; तेव्हा बाजाराचे दार पूर्वीइतके बंद राहिलेले नाही. शिवाय दूरस्थ खेळासाठी सर्व्हर भाड्याने घ्यावे लागतात, ते महिनोन्महिने चालू ठेवावे लागतात, आणि ज्याचे नेटवर्क कच्चे तो हरतो. एका खोलीत दूरचित्रवाणी संच चित्र दाखविण्यास क्षणाचा विलंब लावीत असेल तर तो सर्वांनाच सारखा लागतो. दोन-चार जणांच्या नवख्या संस्थेला परवडणारा न्याय हाच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत झाला, त्या निमित्ताने पालकांच्या मनातील जी भीती उघड झाली तिचाही येथे विचार व्हावा: बंद दाराआड एकट्याने चाललेल्या खेळाची आईबापांना धास्ती वाटते, ओसरीवर चौघांत चाललेल्या खेळात ती स्वतः येऊन बसू शकतात.

म्हणून धोरणाच्या ज्या काही सवलती या जिल्ह्यापर्यंत झिरपतील त्यांतून महाविद्यालयांनी महागड्या यंत्रांआधी निरनिराळ्या बनावटीचे, स्वस्तातले, काही तर मुद्दाम वापरून झिजलेले कंट्रोलर आणि कीबोर्ड घ्यावेत, आणि ते प्रयोगशाळेच्या कपाटात कुलूपबंद न ठेवता शनिवारी जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा सार्वजनिक वाचनालयात न्यावेत. खेळ करणाऱ्या विद्यार्थ्याने तेथे कोणालाही काही समजावून सांगू नये. गप्प बसून कोणाची उडी लागली नाही, कोण आपला गडी शोधीत राहिले, कोणी कंट्रोलर दुसऱ्याला देऊन टाकला, एवढे वहीत टिपून घ्यावे. आणि शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाची तोंडी परीक्षा होते तेव्हा पडद्यावर आकृत्या दाखवून अहवाल वाचण्याची रूढी बाजूला ठेवून परीक्षकांच्या हाती दुसरा कंट्रोलर द्यावा, पहिला आपण घ्यावा, आणि गुणपत्रिका त्यानंतर भरली जावी.